आक्काताईंच्या घरी रस्सा संपला

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या त्या गल्लीत आक्काताई चौगुल्यांच्या दारातून कुणी रिकाम्या पोटी गेलंय, असं आजवर झालं नव्हतं. गॅसवाला असो, मीटर बघणारा असो, नाहीतर भलत्याच घराचा पत्ता विचारत आलेला पावणा असो, आक्काताई आधी पाट सरकवायच्या आणि मग कोण, कुठला ते विचारायच्या. महापुराच्या साली शिरोळकडची माणसं गल्लीतल्या शाळेत येऊन राहिली, तेव्हा ह्या बाईंनी थापलेल्या भाकऱ्यांची चवड शेजारच्या खिडकीपर्यंत गेली होती म्हणतात.

अशा आक्काताईंनी एका रविवारी भर दुपारी, आत पातेल्यात आठ माणसांना पुरेल एवढा पांढरा रस्सा असताना, दारात आलेल्या माणसाला तोंडावर सांगितलं, "रस्सा संपला."

गल्ली अजून त्यावर बोलते. पण त्या तसं का म्हणाल्या, ते कळायचं तर गाडीच्या ब्रेकपासून सुरुवात करायला हवी.

आक्काताईंचं माहेर गडहिंग्लजजवळ. वडलांचा ऊस होता आणि एक लाल ट्रॅक्टर होता. तेराव्या वर्षी वडलांनी त्यांना त्या ट्रॅक्टरवर बसवलं आणि म्हणाले, "क्लचवरनं पाय सावकाश काढ. उसात घुसलीस तरी चालंल, हिरीत घुसू नको." आक्काताई विहिरीत घुसल्या नाहीत. उसात दोनदा घुसल्या. पुढं लग्न होऊन कोल्हापुरात आल्या आणि चाक नावाची वस्तू त्यांच्या हातात आली ती फक्त चटणीच्या डब्यांच्या हातगाड्याची. कारण आक्काताई वर्षभर टिकणारी कांदा-लसूण चटणी करून विकायच्या. मार्च-एप्रिलमध्ये त्यांच्या घरावरून जाणारा माणूस शिंकल्याशिवाय पुढं जात नसे.

एकोणपन्नासाव्या वर्षी, कुणाला न सांगता, चटणीच्या पैशातून त्यांनी ड्रायव्हिंगचा क्लास लावला. लायसन्स आलं त्या दिवशी ते देवापुढं ठेवलं आणि नवऱ्यापुढं हात पसरला. "किल्ली."

त्यांचे यजमान बाबासो चौगुले शाहूपुरीत एका गुळाच्या अडतीवर हिशेब बघायचे. घरातली पांढरी गाडी बारा वर्षांची, पण बाबासो तिला अजून 'नवी' म्हणायचे. गाडीची किल्ली अडतीच्या तिजोरीच्या किल्लीबरोबर एकाच कडीत, आणि ती कडी बाबासोंच्या कमरेला.

"देतो की," बाबासो त्या दिवशी म्हणाले, "पण गाडीचं ब्रेक जरा सैल हायत. मला सवय हाय. तुला जमायचं न्हाई."

हे ब्रेक पुढची दोन वर्षं सैलच राहिले. चटणी पोचवायला जायचं म्हटलं की ब्रेक सैल. रंकाळ्यावर फिरायला जायचं म्हटलं की ब्रेक सैल. मात्र बाबासो स्वतः जोतिबाच्या डोंगरावर जाऊन यायचे तेव्हा ब्रेक कसे काय घट्ट व्हायचे, ते जोतिबालाच ठाऊक.

आणि मग एके दिवशी ब्रेक खरोखरच ओरडायला लागले.

गाडी गल्लीत शिरली की मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आवाज यायचा. त्यात माहेरी भावाच्या नव्या घराची वास्तुशांत येत्या सोमवारी. आक्काताईंनी थोरल्या बहिणीला फोनवर सांगून टाकलं होतं, "अक्का, ह्या बारीला गाडी मी चालवत येणार."

"आन् भावजी?"

"ते शेजारी बसणार."

पलीकडून अक्का एवढी हसली की आक्काताईंनी फोन कानापासून लांब धरला. "तू येशील गं," अक्का म्हणाली, "मागच्या शिटावर, शिऱ्याचा डबा मांडीवर घेऊन."

ते हसणं आक्काताईंच्या कानात तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी लेकीला, मोनाला, उद्यमनगरात यशराजच्या गॅरेजवर पाठवलं. मोना संध्याकाळी बातमी घेऊन आली.

"पुढचं पॅड संपल्यात. पॅड सोळाशेचं, मजुरी आठशे. चोवीसशे सगळं मिळून. दोन तासांत गाडी देतो म्हणाला."

बाबासोंनी चहाची बशी खाली ठेवली. "आठशे मजुरी? दोन चाकं काढायची आन् परत लावायची, त्याचं आठशे? गाडी काय चंद्रावर पाठवायची हाय?"

"मग?" आक्काताईंनी विचारलं.

"मग काय? मी करतो घरात. मोना, ते मोबाइलवर दाव बरं. कसं बदलत्यात ते."

मोनानं व्हिडिओ लावला. त्यात एका पोरानं स्वच्छ शर्टात, हाताला डाग न लागता, वीस मिनिटांत दोन्ही चाकांचं काम उरकलं. बाबासो चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, "ह्यात काय हाय? हे तर नळाचा वायसर बदलल्यागत हाय."

"अहो, नळाचा वायसर बदलताना अख्ख्या गल्लीचं पाणी दोन दिवस बंद केलंतं तुम्ही."

"तो वायसर खराब निघाला."

"पप्पा, व्हिडिओ मधनं मधनं कापलेला असतोय," मोना म्हणाली.

"कापू दे. मला मधलं कळतंय." बाबासो पेटले होते. "भाईरच्या दुकानातनं पॅड चौदाशेला मिळतंय. मजुरी शून्य. हजार रुपय वाचवतो बघ."

आक्काताईंनी पदराला हात पुसले. आवाज अगदी साखरेसारखा केला. "आन् एक रुपया बी न्हाई वाचला तर?"

"न्हाई वाचलं तर काय म्हणशील ते."

"तर गडहिंग्लजला गाडी मी चालवणार. तुम्ही शेजारी. गप्प."

बाबासोंनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. मग त्यांच्यातला अडतीचा माणूस जागा झाला. "आन् वाचलं तर?"

"तर जन्मात किल्ली मागणार न्हाई."

मोनानं मोबाइल बंद केला. आई असं कधी काही जन्माच्या बोलीवर लावत नसे.

"पण हिशेब सरळ पायजे," बाबासो बोट नाचवत म्हणाले. "गॅरेजला जायचं म्हंजे पेट्रोल आलं, थांबायचं म्हंजे तिथला चहा आला. ते तुझ्या बाजूला धरणार मी. गाडीपायी जो खर्च हुईल तो सगळा धरायचा."

"सगळा?"

"सगळा."

"मग पंच बघा कुणीतरी," आक्काताई म्हणाल्या आणि आत गेल्या. मोना मागोमाग गेली तर आई परातीत कांदे ओतत होती.

"आई, एवढं कांदं कशाला?"

"उद्या रविवार हाय न्हवं."

"आपण तिघंच की."

"तुझ्या पप्पाला मी तीस वर्सं बघतोय," आक्काताई सुरी हातात घेत म्हणाल्या. "दुकानात पाच रुपयासाठी घसा कोरडा करतील. पण दारात माणूस आला की हात सैल. त्यांच्या गाडीच्या ब्रेकपेक्षा सैल. तू फकस्त ओट्यावरची दोन बाकडी उद्या भाईर काढ."

"आई! हे चिटिंग हाय."

"ब्रेकला मी बोट लावणार न्हाई. त्या गाडीत परवा आपणच बसणार हाय. बाकी कशाला हात लावायचा न्हाई, असं कुठं ठरलंय?"

रविवारी सकाळी आठला बाबासोंनी जुनी पँट चढवली आणि गाडी गल्लीत आडवी घेतली. पॅड आणले होते चौदाशेचे. चाव्या-पान्यांचा एक नवा संच, कारण घरातल्या पान्यानं फक्त सायकल उघडायची, तो साडेसहाशेचा. ब्रेकवर मारायचा फवारा अडीचशेचा. म्हणजे तेवीसशे झाले, गॅरेजपेक्षा अजून शंभर कमी. बाबासोंनी जॅक लावला आणि गाडीचं नाक वर उचललं.

गल्लीत गाडीचं नाक वर गेलं, की पेठेत ते दवंडी पिटल्यासारखं असतं. पहिले आले शेजारचे गुंडू पाटील. पूर्वीचे पैलवान, आताही मान खांद्यातच. पंच म्हणून बाबासोंनी त्यांनाच बोलावलं होतं.

"काय, बाबू? वाकडं उभारलंय चाक."

"वाकडं न्हाई, ते असंच असतंय."

"असंच असतंय? आमच्या साडूच्या गाडीचं असं नसतंय."

तोवर मागून आणखी दोघं आले. मग चौघं. मोनानं मांडलेली बाकडी भरली. एकजण म्हणाला नट उलटा फिरव, दुसरा म्हणाला हातोडी मार, तिसऱ्याला काही सांगायचं नव्हतं म्हणून त्यानं पान्याचा संच वाजवून बघितला. आतून चहाचं पातेलं आलं. आक्काताई दारात उभ्या राहून प्रेमानं म्हणाल्या, "घ्या की. आलं घातलंय."

चहा आला म्हटल्यावर जाणारेही थांबले.

साडेनवाला प्रकरणाला रंग चढला. डाव्या चाकावर खालच्या गल्लीतली माणसं बसली होती आणि उजव्या चाकावर वरच्या गल्लीतली. मुद्दाम कुणी केलं नव्हतं, ज्याला जिथं जागा मिळाली तिथं तो बसला होता. पण खालची गल्ली आणि वरची गल्ली यांच्यात फुटबॉलच्या मैदानात जे काही वर्षानुवर्षं चालत आलं आहे, ते चाकाशीही चाललं.

"वरच्या गल्लीचा अजून नट निघंना!"

"तुमचा निघालाय तो आमच्या पान्यानं!"

"पिस्टन दाबा, पिस्टन! हां, आता पॅड घाला!"

"आमचं एक पॅड बसलं!"

"आमची दोनी बसली, वर बोल्ट बी कसला!"

बाबासो मध्ये उभे. हातात एकही पाना राहिलेला नव्हता. स्वतःच्या गाडीभोवती ते दोन्हीकडं फिरत होते आणि दोन्हीकडची माणसं त्यांना "बाबू, सर की जरा" म्हणत होती. पण चेहरा बघाल तर लग्नघरातल्या यजमानासारखा फुललेला. तीन खेपा चहा झाला. मग त्यांचं लक्ष घामेजलेल्या माणसांकडं गेलं आणि आक्काताई ज्याची वाट बघत होत्या, ते झालं.

"मोनाचे आई!" बाबासो दारातून ओरडले. "मंडळी जेवूनच जातील! मटण वाढवून घे!"

"किती?"

"किती म्हंजे? पुरायला पायजे! तीन किलो आन!"

"आणलंय," आतून शांत आवाज आला. खोबरं कालच भाजून ठेवलं होतं.

बारा वाजता दोन्ही चाकं खाली आली. कुणाचं काम आधी संपलं यावरून अर्धा तास गेला. मग चौदा माणसांची पंगत बसली. तांबडा, पांढरा, सुकं, भाकरी. गुंडूभाऊजींनी पांढऱ्या रश्श्याच्या चार वाट्या रिचवल्या, पाचवीला हात आडवा केला, मग हात बाजूला घेतला.

जेवणं उरकल्यावर आक्काताई पदर खोचून बाहेर आल्या. "भाऊजी, पंच तुम्ही. सांगा हिशेब."

गुंडूभाऊजी बोटांवर मोजायला लागले. "पॅड चौदाशे. पानं साडेसहाशे. फवारा अडीचशे. तेवीसशे."

"आन् तीन किलो मटण?" आक्काताईंनी विचारलं. "ठरलंय आमचं. गाडीपायी जो खर्च हुईल तो सगळा."

बाकड्यांवरची दात कोरणारी माणसं एकदम थांबली. बाबासोंचा चेहरा उतरला. पण गुंडूभाऊजींची मान खांद्यातून वर आली, जी गल्लीनं कित्येक वर्षांत बघितली नव्हती.

"वैनी, काय म्हणालासा? आम्ही मजुरीवर जेवलो?"

"तसं न्हवं, भाऊजी..."

"मग कसं? जेवण खर्चात धरायचं म्हंजे आमची मजुरीच झाली की. आम्ही तुमच्या दारात पावणं म्हणून बसलो. पावण्याच्या ताटाचा हिशेब लावत्यात व्हय?"

"बरोबर हाय!" खालची गल्ली आणि वरची गल्ली त्या दिवसात पहिल्यांदा एका सुरात बोलली.

आक्काताईंना जागच्या जागी कळलं की आपण काय करून बसलो. ज्या रीतीच्या जोरावर त्यांनी डाव मांडला होता, तीच रीत त्यांच्या अंगावर आली होती. पाहुण्याच्या ताटावर किंमत लावायची म्हणजे स्वतःच्याच घरावर थुंकायचं. त्यांनी मान खाली घातली. "न्हाई, भाऊजी. चुकलं. ते धरू नका."

"मग पंचाचा निकाल," गुंडूभाऊजी म्हणाले. "मजुरी शून्य. दारात जेवला तो पावणा, आन् पावण्याच्या कामाला मोल न्हाई. बाबासोचं तेवीसशे, गॅरेजचं चोवीसशे. बाबासो जिंकला."

टाळ्या पडल्या. बाबासोंनी कमरेची कडी उगाचच वाजवली. आक्काताई दाराच्या चौकटीला टेकल्या. अक्काचं हसणं त्यांना गडहिंग्लजपासून ऐकू आलं. मागचं सीट, मांडीवर शिऱ्याचा डबा, आणि हे फक्त उद्यापुरतं नव्हे, जन्माचं.

"चला तर," बाबासो ऐटीत गाडीत बसले. "एक चक्कर मारून येतो." किल्ली फिरवली आणि सवयीनं ब्रेकवर पाय ठेवला. पाय खाली गेला, आणखी खाली गेला, आणि जमिनीला टेकला.

बाबासो गाडीतून उतरले. इंजीन चालूच.

"गुंड्या," ते हळूच म्हणाले, "ब्रेक न्हाईत."

मग जे काय झालं ते आक्काताईंनी दारातून, एकही पापणी न हलवता, बघितलं. मघाशी कुणाचं काम आधी संपलं यावर भांडणारी माणसं आता आपण चाकाला हातच लावला नव्हता असं सांगायला लागली.

"मी तर पाना धरून उभारलोतो निस्ता."

"मी चहा घ्यायला आलतो."

"डावं चाक तुमच्याकडं होतं."

"आमच्याकडं? आम्ही उजव्याला होतो!"

"उजव्याला आम्ही होतो!"

अचानक सगळी चौदा माणसं उजव्या चाकावर होती आणि डावं चाक आपलं आपणच बसलं होतं.

"एवढं काय," आक्काताई म्हणाल्या, "पावण्यांनी मायेनं केलेलं काम हाय. कुणीतरी बसा की गाडीत. एक चक्कर मारून या."

कुणी बसलं नाही. गुंडूभाऊजींनी आयुष्यात समोरच्याची पाठ मातीला न लावता कुस्ती सोडली नव्हती, पण तेही गाडीकडं पाठ करून उभे राहिले. शेवटी म्हणाले, "बाबू, यशराजला बोलीव."

"फुकट बघंल?"

"विचार त्याला. पण न बघता ही गाडी हलवायची न्हाई. मी पंच म्हणून सांगतो."

बाबासोंनी आक्काताईंकडं बघितलं. आक्काताई आकाशाकडं बघत होत्या. शेवटी फोन बाबासोंनीच लावला.

यशराज स्कूटरवरून आला. जेमतेम तिशीचा, उद्यमनगरात वडलांचं गॅरेज चालवायचा, आणि रविवारी दुपारी असं बोलावलं म्हणून जरा कुरकुरतच आला. गाडीत बसला, ब्रेकवर चार-पाच वेळा पाय मारला आणि हसला.

"काका, पिस्टन मागं दाबला की पहिल्यांदा पॅडल खाली जातंयच. चार दणकं दिलं की वर येतंय. बघा, कडक झालं."

बाबासोंच्या जिवात जीव आला. "म्हंजे काम बरोबर हाय!"

"बघू की." यशराज उकिडवा बसला आणि डाव्या चाकाच्या फटीतून बॅटरी मारली. मग त्यानं जॅक मागितला. चाक उतरवलं, आतला पॅड काढला आणि सगळ्यांपुढं धरला.

"हे कुणी बसवलं?"

सगळे आपापले हात पुसायला लागले.

"उलटं बसवलंय. घासायची बाजू भाईर आन् लोखंड आत. ब्रेक मारला की लोखंडावर लोखंड. घाटात गेला असतासा तर डिस्क खाऊन टाकली असती, आन् गाडी कुठं थांबली असती, काय सांगू." त्यानं चौदा चेहऱ्यांवर नजर फिरवली. "शर्यत लावलीती काय?"

वरची गल्ली वर बघायला लागली, खालची खाली.

उद्या त्या गाडीत मोना असणार होती. आक्काताई पुढं आल्या. "यशराज, दोन्ही चाकं उघड. सगळं परत बघ."

यशराजनं दोन्ही चाकं उघडली. पॅड सरळ केले, पिना साफ केल्या, ग्रीस लावलं, बोल्ट नीट कसले, गाडी गल्लीतून मागं-पुढं पळवून जागच्या जागी उभी करून दाखवली. हात पुसत म्हणाला, "झालं. आता कुठंबी जावा. माझी मजुरी आठशे."

आठशे. तेवीसशे आणि आठशे किती होतात, हे मोजायला गुंडूभाऊजींना बोटं लागली नाहीत. आक्काताईंना तर मुळीच नाही. त्यांचा हात आपोआप बाबासोंच्या कमरेच्या कडीकडं वळायला लागला होता.

पण बाबासो तीस वर्षं अडतीवर बसले होते. त्यांनी यशराजच्या खांद्यावर हात टाकला. आवाजात असा गोडवा, की गुळाची ढेप फुटली असावी.

"अरे, मजुरीचं बघू की निवांत. आधी आत चल. भर जेवायच्या वेळेला आलास. माझ्या दारातनं माणूस उपाशी जाईल व्हय? बस, हात धू. मोना, ताट घे गं!"

गल्लीला एक क्षण लागला. मग गुंडूभाऊजींची मिशी थरथरली. दारात जेवला तो पावणा, आणि पावण्याच्या कामाला मोल न्हाई. तासाभरापूर्वी त्यांनीच दिलेला निकाल. यशराज एकदा ताटावर बसला, की आठशे रुपये मागायला त्याचं तोंडच उघडणार नव्हतं.

यशराजनं नाक वर केलं. घरातून पांढऱ्या रश्श्याचा वास येत होता. "काकी, वास तर कडक सुटलाय," तो चपला काढत म्हणाला.

आत मोना पळी हातात घेऊन उभी. पातेल्यात रस्सा. आठ माणसांचा तरी.

आक्काताई उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या. कान तापले होते. त्यांच्या आईनं, आजीनं, त्यांनी स्वतः हे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. मग त्यांना अक्काचं हसणं आठवलं, आणि लाल ट्रॅक्टर आठवला.

"रस्सा संपला," त्या म्हणाल्या.

आत मोनाच्या हातातली पळी पातेल्यावर आपटली. ठण्ण.

"संपला?" बाबासो म्हणाले.

"संपला. चौदा माणसं जेवली."

यशराज गरीब माणूस. लगेच म्हणाला, "असू दे की, काकी. भाकरी-चटणी द्या. तुमच्या चटणीला तोड न्हाई."

सगळ्या गल्लीनं घरात डोकावून बघितलं. पुढच्या सोप्यात भिंतीला लागून चटणीचे डबे उभे होते. चाळीस किलो.

"चटणीबी संपली," आक्काताई म्हणाल्या.

"चटणी?" बाबासोंचा आवाज फाटला. "तुझ्या घरात चटणी संपली?"

"ती विकायची हाय. खायची संपली."

"बाई, मीठ तरी हाय का?"

"बघावं लागंल."

गुंडूभाऊजींनी तोंडावर टॉवेल धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. यशराज बिचारा पुन्हा चपलेत पाय घालायला लागला. "मग काका, माझं आठशे द्या. भूक लागलीय, घरला जातो."

बाबासोंनी पंचाकडं बघितलं. पंचानं टॉवेलामागून मान हलवली. "दे, बाबू. जेवला असता तर गोष्ट वेगळी होती."

बाबासोंनी खिशातून नोटा काढल्या. दोनदा मोजल्या. यशराजनं घेतल्या, खिशात घातल्या आणि स्कूटरकडं वळला.

"यशराज," आक्काताईंनी हाक मारली. "कुठं निघालास? हात धू. मोना, ताट घे. सुकं बी घे, आन् पांढरा गरम कर."

"काकी, आत्ता तर संपलता की!"

"पैसं मिळंस्तवर संपलता."

गल्ली जी हसली, ती वरची आणि खालची अशी वेगळी राहिलीच नाही. गुंडूभाऊजी बाकड्यावरून घसरले. डोळे पुसत म्हणाले, "वैनी, तेवीसशे आन् आठशे, एकतीसशे. गॅरेज चोवीसशे. पंचाचा दुसरा निकाल. पयला रद्द."

यशराज पाटावर बसला होता. आक्काताईंनी स्वतः वाढलं, पहिली वाटी, दुसरी वाटी, तिसरीला तो नको म्हणाला तरी घातली. वाढताना एकदा हळूच म्हणाल्या, "माफ कर बाबा. तुला खोटं बोललो."

"काकी," तो तोंड भरलेलं असताना म्हणाला, "पुढच्या ब्रेकला बी मलाच बोलवा."

बाहेर ओट्यावर बाबासो कडीतून किल्ली काढत होते. बारा वर्षांची किल्ली कडीतून सुटेना. नखानं प्रयत्न केला, दातानं केला, शेवटी त्या नव्या साडेसहाशेच्या संचातला एक पाना घेऊन कडी वाकवली. त्या दिवसात त्यांनी स्वतःच्या हातानं पाना वापरला तो तेवढाच. किल्ली त्यांनी बायकोच्या हातावर ठेवली.

"क्लच जरा सैल हाय," ते म्हणाले.

"बघतो मी तुमचा क्लच," आक्काताई म्हणाल्या.

सोमवारी सकाळी पांढरी गाडी कोल्हापुरातून बाहेर पडली. मागच्या सीटवर मोना, तिच्या मांडीवर शिऱ्याचा डबा. पुढं डावीकडं बाबासो, पट्टा दोन्ही हातांनी धरून. बोली होती गप्प बसायची, म्हणून ते तोंडानं गप्प होते. पण पाय गप्प नव्हते. कागलजवळ एक ट्रक आडवा आला, तेव्हा त्यांचा उजवा पाय खालच्या मॅटवर जोरात बसला. निपाणी गेली, पाय तीनदा बसला. तवंदी घाटाच्या उताराला तर ते दोन्ही पायांनी मॅट दाबून, पाठ सीटला लावून, जवळजवळ आडवेच झाले होते. आक्काताई समोर बघत, हलक्या पायानं ब्रेक दाबत, सोडत, वळणं घेत उतरल्या. गाडी कुठंही ओरडली नाही. मोनाला आरशात आईचा चेहरा दिसत होता. एका तेरा वर्षांच्या मुलीला कुणीतरी उसात घुसायची परवानगी दिली असावी, तसा.

नव्या घरापुढं मांडव होता. अक्का दारातच उभी होती. गाडी सरळ येऊन मांडवाच्या खांबापासून वीतभर अंतरावर थांबली आणि उजव्या बाजूनं आक्काताई उतरल्या. अक्काच्या हातातलं हळदीकुंकवाचं ताट कलंडलं.

"खरंच तू चालवत आलीस?"

"इचार तुझ्या भावजीला."

बाबासो डावीकडून उतरले. गुडघे धरून, एक एक पाय जमिनीवर ठेवत, पायऱ्यांपर्यंत आले आणि खुर्चीत बसकण मारली.

"गाडी हिनं चालवली," ते पोटऱ्या चोळत म्हणाले, "पण कोल्हापूरपासनं ब्रेक सगळं मी दाबल्यात. पाणी आण गं, अक्का."